सॅच्युरेशनच्या पट्टीचा वाद आणि मधल्या घसरणी

१९५०च्या दशकात भरमसाट ऑक्सिजनमुळे मुदतीआधी जन्मलेल्या बाळांची दृष्टी जाते, हे सिद्ध झालं. मग ऑक्सिजनवर इतकी कडक बंधनं आली की बाळं दगावू लागली. पल्स ऑक्सिमीटर आल्यावर प्रश्न उरला तो सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं टक्केवारीतलं प्रमाण, नेमकं किती ठेवायचं याचा.

खरा वाद २०१० साली पेटला. अमेरिकेतल्या चाचणीत गर्भारपणाच्या २४ ते २७ आठवड्यांत जन्मलेल्या १,३१६ बाळांपैकी काहींचं सॅच्युरेशन ८५–८९ टक्के, तर काहींचं ९१–९५ टक्के, अशा दोन पट्ट्यांत ठेवायचं ठरलं होतं. खालच्या पट्टीतल्या, जगलेल्या बाळांत डोळ्यांचा गंभीर आजार निम्म्यावर आला: १७.९ ऐवजी ८.६ टक्के. मात्र घरी जाण्याआधीचे मृत्यू १६.२ वरून १९.९ टक्क्यांवर गेले. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या तशाच चाचण्यांतही खालच्या पट्टीत मृत्यू जास्त दिसल्याने नवी बाळं घेणं थांबलं. कॅनडाच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत मात्र असा फरक दिसला नाही. २०१३ मध्ये अमेरिकी चाचणीसाठी आईवडिलांकडून घेतलेल्या संमतिपत्रावरून वादळ उठलं. दोन्ही पट्ट्या तेव्हाच्या प्रचलित उपचारात बसत होत्या, असं संशोधकांचं म्हणणं. तरीही जीव जाण्याचा धोका आईवडिलांना स्पष्ट सांगायलाच हवा होता. २०१८च्या एकत्रित विश्लेषणातही वरची पट्टीच जीव वाचवणारी ठरली.

या गदारोळात सॅच्युरेशनच्या अधूनमधून होणाऱ्या घसरणी मात्र मागे पडल्या. मॉनिटरवर ९३ चा आकडा बघता बघता ७६ वर येतो, सिस्टर तळपाय चोळतात, बाळ श्वास घेतं, आकडा चढतो. तासाच्या नोंदीत ९३ च लिहिला जातो. मॉनिटरमधली सलग नोंद साठवून तपासली गेली तेव्हा खालच्या पट्टीतल्या बाळांना अशा घसरणी जास्त होत असल्याचं २०१२ मध्ये दिसलं. कॅनडाच्या चाचणीतल्या बाळांच्या २०१५च्या विश्लेषणात, ८० टक्क्यांखाली मिनिटभर किंवा जास्त टिकणाऱ्या घसरणींचा संबंध पुढच्या मृत्यूशी आणि अपंगत्वाशी आढळला.

फुप्फुसांकडे लक्ष वळलं ते त्यानंतर. २९ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ज्यांचं सॅच्युरेशन वारंवार पडायचं, त्यांना मूळ प्रसूतीच्या तारखेच्या सुमारास, म्हणजे गर्भारपण धरून चाळिसाव्या आठवड्यातही ऑक्सिजन, श्वसनाची औषधं किंवा यंत्राचा आधार लागण्याची शक्यता जास्त दिसली. पण घसरणींमुळे फुप्फुसं बिघडतात, की कच्च्या फुप्फुसांमुळेच घसरणी होतात, हे अशा निरीक्षणांतून ठरत नाही. अशा बाळांना औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या कॅफीनने श्वास थांबण्याचे प्रसंग कमी होतात, आणि २००६च्या चाचणीत फुप्फुसांचा जुनाट आजारही ४७ वरून ३६ टक्क्यांवर आला होता. मात्र त्या बाळांचा व्हेंटिलेटरही लवकर सुटला होता, त्यामुळे फायदा नेमका कशाचा, हे तिथूनही ठरत नाही.