सात काडतुसं, अठरा सिलिंडर

कॉकपिटमध्ये जेम्स स्ट्युअर्ट, विमान भंगारातून जोडलेलं, भोवती सहारा, प्यायचं पाणी संपत आलेलं आणि इंजिन सुरू करायला हाताशी फक्त ७ काडतुसं. एक उडतं. फाडकन आवाज, धुराचा लोट, पंखा गरगरतो आणि थांबतो. दुसरं उडतं, पुन्हा तेच. रॉबर्ट ऑल्ड्रिचच्या ‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’ (१९६५) या चित्रपटातला हा प्रसंग पाहताना निम्मे प्रेक्षक नखं खातात आणि उरलेले म्हणतात, ‘काहीही हं! विमान म्हणजे काय बंदूक आहे?’

हा लेख त्या उरलेल्यांसाठी. काडतुसाने इंजिन सुरू करणं ही पटकथेची करामत नाही. या यंत्राला कॉफमन स्टार्टर म्हणतात. स्पिटफायरच्या काही आवृत्त्या, हॉकर टायफून, अमेरिकेचं कोर्सेअर अशी दुसऱ्या महायुद्धातली नामांकित विमानं याच पद्धतीने सुरू होत.

आधी अडचण काय ते पाहू. चित्रपटात कोसळतं ते फेअरचाइल्ड सी-८२ जातीचं मालवाहू विमान. त्याचं प्रत्येक इंजिन १८ सिलिंडरचं. क्रँकशाफ्टभोवती (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याभोवती) ९-९ सिलिंडरांची दोन कडी, एकूण घनफळ सुमारे ४६ लिटर, ताकद २००० अश्वशक्तीच्या वर. एवढं धूड पहिल्यांदा फिरवायचं, तेही सिलिंडरांतली हवा दाबत. त्यासाठी लागणारी ऊर्जा फार नाही, पण ती एका दमात लागते.

थोडं गणित करू. समजा काडतुसात २० ग्रॅम कॉर्डाइट आहे. ही बिनधुराची म्हणवली जाणारी दारू ग्रॅमला साधारण ४ ते ५ किलोज्यूल देते, म्हणजे सगळे मिळून ९० किलोज्यूल धरा. त्यातला चौथा हिस्सा कामी आला आणि तो एका सेकंदात मिळाला, तर झाले २२ किलोवॅट, म्हणजे ३० अश्वशक्ती. हीच ताकद २४ व्होल्टच्या बॅटरीकडून घ्यायची तर ९०० अँपिअरहून जास्त प्रवाह हवा. एकूण साठ्यात बॅटरी काडतुसाच्या कितीतरी पुढे असते, पण एवढ्या घाईने तो देणं तिला जड जातं. शिवाय वाळवंटात पडून राहिलेल्या बॅटरीचा भरवसा काय? पेट्रोलमध्ये ग्रॅममागे कॉर्डाइटच्या दहापट ऊर्जा असते खरी, पण पेट्रोलला हवेतला ऑक्सिजन लागतो. कॉर्डाइट आपला ऑक्सिजन आपल्याच रेणूंत घेऊन येतं, म्हणून ते बंद नळीत जळतं.

काडतूस ब्रीचमध्ये बसवतात. ब्रीच म्हणजे जाड पोलादी कप्पा. तो घट्ट बंद करून ठिणगी दिली की दारू जळते. स्फोट होऊन नव्हे, बंदुकीपेक्षा बरीच सावकाश. तयार झालेला वायू पोलादी नळीतून इंजिनाच्या मागे लावलेल्या स्टार्टरमध्ये शिरतो आणि तिथला दट्ट्या पुढे रेटतो. दट्ट्या सरळ रेषेत सरकणार आणि क्रँकशाफ्टला तर गोल फिरवायचंय. त्यासाठी आत मळसूत्रासारख्या तिरप्या खाचा असतात. दट्ट्या सरकला की त्या खाचांमुळे आतला दांडा पीळ घेत फिरतो. दांड्याच्या टोकाचे दात आधी क्रँकशाफ्टच्या दातांत गुंततात आणि मगच पीळ सुरू होतो. क्रम चुकला तर दात उडालेच. दट्ट्या शेवटाला पोचला की झडप उघडते, वायू बाहेर जातो, स्प्रिंग दट्ट्याला मागे ओढते आणि दात सुटतात.

यातली मेख अशी, की दट्ट्याची धाव ठरलेली असते. इंजिनाला मिळतात ते मोजके फेरे, त्याहून एकही जास्त नाही. चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरची पाळी क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच येते. म्हणजे एका काडतुसात प्रत्येक सिलिंडरला पेट घ्यायची संधी एकदा, फार तर दोनदा. विजेच्या स्टार्टरसारखं बटण दाबून धरायची सोय इथे नाही.

आता चित्रपटातला कळीचा क्षण. पहिली काही काडतुसं वाया गेल्यावर स्ट्युअर्टचा वैमानिक इग्निशन, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पाडणारी वीज, बंद ठेवून एक काडतूस उडवायचं ठरवतो. विमानाचा आराखडा करणारा डॉर्फमन संतापतो: हातची संधी फुकट घालवायची? वैमानिक ऐकत नाही. त्यानंतरच्या काडतुसाला इंजिन धरतं.

हे नशीब नव्हे. सुरू करण्याआधी सिलिंडरांत थोडं पेट्रोल फवारतात, त्याला प्राइमिंग म्हणतात. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून थोडं जास्तच फवारलं जातं. पहिला प्रयत्न फसला की ते पेट्रोल आतच राहतं, पुढच्या प्रयत्नात आणखी भर. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेवढीच पेट घेते. त्याहून दाट मिश्रणात कितीही ठिणग्या पाडा, काही होत नाही. त्यात प्लगची टोकंही ओली, म्हणजे ठिणगीच नीट पडत नाही. जुनी स्कूटर ‘ओव्हर’ झाली की पेट्रोलचा कॉक बंद करून, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून चार-पाच किका मारतात ना, तेच हे काम. थ्रॉटल उघडं ठेवून, पेट्रोल तोडून इंजिन फिरवलं की जादा पेट्रोल एग्झॉस्टमधून बाहेर पडतं, आत कोरडी हवा येते आणि प्लग वाळतात. इग्निशन बंद एवढ्याचसाठी, की मधेच एखाददुसरा सिलिंडर अर्धवट पेटून इंजिनाला उलटा झटका बसू नये.

ठिणगीचंही एक त्रांगडं आहे. या इंजिनांना वीज देतो मॅग्नेटो. त्यातलं चुंबक जितकं जोरात फिरेल तितका विजेचा दाब जास्त, म्हणजे सुरू होताना, नेमकी गरज असते तेव्हाच, ठिणगी सर्वांत दुबळी. वर चालू इंजिनासाठी ठिणगी सिलिंडरातला दट्ट्या माथ्यावर पोचायच्या आधीच पडेल अशी जुळवलेली असते. सावकाश फिरणाऱ्या इंजिनात ती इतकी लवकर पडली तर इंजिन उलटं फिरू पाहतं. म्हणून सुरू करताना बूस्टर कॉइल वापरून उशिरा पडणारी, सणसणीत ठिणगी देतात. बूस्टर नादुरुस्त असला तर सातच्या जागी सतरा काडतुसं असूनही उपयोग नाही.

खरी भीती मात्र वेगळीच. गोलाकार इंजिन दिवसचे दिवस उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. सिलिंडरातला दट्ट्या माथ्याकडे आला आणि वाटेत तेल भरलेलं असलं तर त्याला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी सिलिंडरच फुटतो. यावर उपाय म्हणजे इग्निशन बंद आहे याची खात्री करून पंखा हाताने, पाती मोजत, सावकाश फिरवायचा. कुठे अडला तर जोर लावायचा नाही आणि उलटाही फिरवायचा नाही. खालचे प्लग काढून तेल गळू द्यायचं. हाताला अडथळा कळतो, काडतुसाला कळत नाही. पहिल्या उड्डाणाआधी यंत्रापुढे नारळ फोडायला कुणाची हरकत नसावी, फक्त त्याआधी कुणीतरी पंखा फिरवून बघितलेला असावा.

डॉर्फमन खेळण्यातली विमानं बनवणारा निघतो तेव्हा वैमानिक हादरतो. पण डॉर्फमनची बाजू पक्की आहे. छोट्या विमानात सावरायला माणूस नसतो, त्यामुळे गुरुत्वमध्य योग्य तेवढा पुढे आणि शेपूट पुरेशी मोठी ठेवून ते आपोआप स्थिर राहील असंच बनवावं लागतं. खरा घोळ आकार वाढवताना होतो: लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट.

चित्रीकरणासाठी असं विमान खरंच बांधलं होतं. बीचक्राफ्टचे पंख, दुसऱ्या विमानांचे भाग, एक इंजिन. ८ जुलै १९६५ रोजी जमिनीला चाटून जाण्याचा प्रसंग पुन्हा घेताना ते वाळूच्या उंचवट्याला लागलं, वैमानिक पॉल मँट्झने पूर्ण ताकद दिली आणि ताण न सोसून सांगाडा मधेच मोडला. मँट्झ जागीच गेला.

जेट इंजिनं आली तरी काडतूस सुटलं नाही. दट्ट्याऐवजी वायू एका छोट्या टर्बाइनवर सोडायचा आणि तिने इंजिन फिरवायचं, एवढाच फरक. आपल्या हवाई दलाची कॅनबेरा बॉम्बर विमानं अशीच सुरू होत. गोवामुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून निघून दाबोळीची धावपट्टी फोडणारी विमानं कॅनबेराच होती. तळावर बाहेरून वीज द्यायची गाडी नसली तरी विमान निघू शकतं, हा या पद्धतीचा मोठा फायदा. किंमतही मोजावी लागते: वायूची काजळी आत साचून भाग गंजतात, म्हणून सफाई वेळच्या वेळी लागते; आणि काडतूस उडालं नाही तर ब्रीच ताबडतोब उघडायचा नाही, कारण उशिरा पेटलेली दारू उघडणाऱ्याच्या तोंडावर येते.