पोर्तुगीजमध्ये फोन ठेवायचा कसा?

माझी भाची गेल्या वर्षी लिस्बनला शिकायला गेली. जाण्याआधी चार महिने मोबाइलवरच्या ॲपवर पोर्तुगीज घोकून गेली होती. खोलीत सामान टाकलं आणि पहिल्याच संध्याकाळी तिनं घरमालकीणबाईंना फोन केला, कारण तिथला गॅसचा गीझर कसा लावायचा हे कळेना. बाईंनी सांगितलं, कुठला नॉब, कुठलं बटण. भाची म्हणाली, "ओब्रिगादा, च्याव!" म्हणजे थँक्यू, बाय. आणि फोन ठेवला.

गीझर काही पेटला नाही, पण ते नंतर सांगते. तीन दिवसांनी बाई जिन्यात भेटल्या आणि जरा चाचरत त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तू माझ्यावर झांगादा होतीस का?" झांगादा म्हणजे चिडलेली.

रात्री मला फोन. "मावशी, मी थँक्यू म्हटलं, बाय पण म्हटलं. अजून काय म्हणायचं असतं?"

ॲपवाल्यांची, फ्रेजबुकवाल्यांची आणि खरं तर आपल्या सगळ्यांचीच इथे एक ठाम समजूत असते: निरोप म्हणजे एक शब्द. आपल्या भाषेत अमुक, त्यांच्या भाषेत तमुक, पाठ केला की झालं. भाषाशास्त्रात गेली पन्नास वर्षं बरोबर याच्या उलट सांगितलं जातंय. निरोपाचा शब्द म्हणजे नुसतं शेवटचं टोक. निरोप ही दोघांनी मिळून करायची एक कृती असते, आणि तिची यंत्रणा इतकी देखणी आहे की तिच्याबद्दल मी कुणालाही पकडून सांगत बसते.

भाचीला म्हटलं, तुझ्या बाई फोन कसा ठेवतात ते ऐक आणि लिहून पाठव. बाई कायम स्पीकरवर बोलतात, त्यामुळे सोपं होतं. बहिणीशी चाललेल्या त्यांच्या फोनचं शेपूट हे असं:

"प्रोन्तु."
"प्रोन्तु, एन्तांव."
"तांव वा."
"वा. अते अमान्यां."
"ते अमान्यां. बैजिन्युश."
"बैजिन्युश, बैजिन्युश."
"च्याव."
"च्याव, च्याव. अदेउश."

आता हेच मराठीत ऐका. "झालं तर मग." "हं, बरं मग." "चल मग." "चल. उद्या बोलू." "हो, उद्या. काळजी घे." "हो, तूपण." "चल, बाय." "बाय, बाय." तुमच्या आईचा आणि मावशीचा फोन आठवून बघा.

प्रोन्तुचा मूळ अर्थ 'तयार', एन्तांवचा 'तेव्हा' किंवा 'मग', आणि वा हे 'जाणे' या क्रियापदाचं आज्ञार्थासारखं वापरलं जाणारं रूप. पण इथे कुणी तयार नाही आणि कुणी कुणाला जा म्हणत नाही, जसं आपल्या 'चल'मध्ये कुणी चालत नाही. बैजिन्युश म्हणजे छोटे पापे. बाई बायकांना आणि पुरुषांनाही पापे देतात. पुरुष एकमेकांना बहुतेक 'अब्रासु', म्हणजे मिठी देतात. फोनवर सगळं तोंडीच.

बिनअर्थाची वाटणारी ही रांग का लागते, याचं उत्तर १९७३ साली मिळालं. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी त्या वर्षी 'संभाषण संपतं कसं' या विषयावर एक निबंध छापला. सॅक्सनं सुरुवात केली होती ती लॉस एंजेलिसमधल्या आत्महत्या प्रतिबंधक केंद्राच्या फोनच्या रेकॉर्डिंगपासून, शेग्लॉफनं पोलिसांना आलेल्या फोनपासून. दोघांनी टेप शब्दाशब्दानं, श्वासाश्वासानं उतरवून काढल्या आणि एक साधा, पण आधी कुणाला न पडलेला प्रश्न विचारला: दोन माणसं एकाच वेळी गप्प कशी होतात?

प्रश्न बाळबोध वाटेल. जरा थांबा. संभाषणात पाळी असते. एकाची संपली की दुसऱ्याची सुरू. २००९ साली दहा भाषांवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की दोन पाळ्यांमधलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास, म्हणजे २०० मिलिसेकंद असतं. जपानीत थोडं कमी, डॅनिशमध्ये थोडं जास्त, पण पल्ला तोच. आता दुसरा आकडा. एखादं चित्र बघून त्याचा नुसता एक शब्द तोंडातून काढायला मेंदूला ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे उत्तर तयार करायला जितका वेळ लागतो, त्याच्या एक तृतीयांश वेळात उत्तर येतं! हे जमतं ते एकाच मार्गानं: समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार हे हेरतो, व्याकरणावरून, सुराच्या उतारावरून, आणि आपलं वाक्य आधीच भरून ठेवतो. प्रत्येक वाक्याचा शेवट म्हणजे असा एक सांधा, जिथे दुसऱ्यानं बोलायला सुरुवात करणं अपेक्षितच असतं.

मग या यंत्राला ब्रेक कुठे आहे? कुठेच नाही. मी गप्प झाले तर तो माझ्या पाळीचा शेवट, म्हणजे तुम्हाला बोलायचं आमंत्रण. तुम्ही गप्प राहिलात तर ती नुसती शांतता राहत नाही, ती 'तुमची' शांतता होते आणि तिला अर्थ चिकटतो: रागावलात, लाइन गेली, झोपलात. शेग्लॉफ आणि सॅक्स म्हणतात, यावर उपाय म्हणजे एक जोडी. एकजण च्याव म्हणतो, दुसरा च्याव म्हणतो, आणि या दुसऱ्या च्याववर यंत्र बंद पडतं. त्याच्या पुढच्या शांततेला अर्थ चिकटत नाही. पण ही जोडी कुठल्याही सांध्यावर टाकता येत नाही. आधी दोघांनी एकमेकांना दाखवावं लागतं की आता सांगायचं काही उरलेलं नाही. ते दाखवायचं कसं? आपली पाळी घ्यायची आणि तिच्यात काहीच भरायचं नाही. प्रोन्तु! म्हणजे पाळी माझी होती, ती मी रिकामीच पुढे सरकवतेय. तुझ्याकडे काही असेल तर आता बोल. समोरच्याला दोन वाटा असतात. काही राहिलं असेल तर तो म्हणतो "आ, ओल्या", अगदी आपल्यासारखं "अगं हो, ऐक ना", आणि गाडी पुन्हा सुरू होते. नसेल तर तोही रिकामी पाळी परत सरकवतो. दोन रिकाम्या पाळ्या समोरासमोर आल्या की दार उघडतं. मग भेटीचं ठरवणं, पापे, आणि शेवटी ती जोडी.

हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर आज रात्री घरचा एक फोन फक्त शेवटच्या अर्ध्या मिनिटासाठी ऐका. मराठीत 'बरं', 'हं', 'चल', 'अच्छा' यांची रिकामी वाटी इकडून तिकडे जाताना स्पष्ट ऐकू येते.

भाचीनं काय केलं होतं? रिकाम्या पाळ्या गाळून थेट जोडी टाकली. व्याकरण बिनचूक, शब्द बिनचूक, आणि बाईंच्या कानाला ते दार आपटल्यासारखं लागलं.

इतकी यंत्रणा असून आपण वेळेवर संपवतो का? २०२१ मध्ये हार्वर्डमधल्या संशोधकांनी ९३२ संभाषणं तपासली. अमेरिकेतली, हे लक्षात ठेवलेलं बरं. दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपलेली संभाषणं निघाली साधारण २ टक्के. कुणाला कधी थांबायचंय हे दोघंही एकमेकांपासून लपवत होते, सौजन्यापोटी.

ते उच्चारांचं थोडं सांगते. वर 'एन्तांव'चं लगेच 'तांव' झालं आणि 'अते'चं 'ते' झालं, ती टायपिंगची चूक नव्हे. पोर्तुगालमधले लोक आघात नसलेले स्वर गिळतात. शेवटचा 'ओ' त्यांच्या तोंडी 'उ' होतो, शेवटचा 'स' 'श' होतो. त्यात जे शब्द दिवसातून पन्नास वेळा येतात ते सगळ्यात जास्त झिजतात. फोन उचलतानाही ते "तो?" म्हणतात. ते 'एश्तो', म्हणजे 'मी आहे', याचं उरलेलं टोक. जुन्या वळणाची माणसं फोन ठेवताना "कों लिसेंसा" म्हणतात, म्हणजे परवानगी असावी. समोरचा माणूस दिसतसुद्धा नसताना. आपल्याकडेही 'रजा घेतो' होतंच की.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो 'अते'चा संसार. अते म्हणजे 'पर्यंत'. अते अमान्यां, उद्यापर्यंत. पोर्तुगालमध्ये अते लोगु म्हटलं तर बहुधा आजच, थोड्या वेळानं. आणि अते झा म्हणजे शब्दशः 'आत्तापर्यंत', हा गेलो आणि हा आलो. दुकानातून दूध आणायला निघालेला माणूस अते झा म्हणतो. म्हणजे निरोपातच पुढच्या भेटीचं अंतर मोजून दिलेलं असतं. आपण यासाठी भूतकाळ वापरतो: "आलोच!" अजून उंबरठासुद्धा ओलांडलेला नसतो आणि येऊन झालेलं असतं. ब्राझीलमधली तरुण मुलं याच्या उलट टोकाला जातात. ती निघताना म्हणतात "फुई!", म्हणजे 'मी गेलो', आणि तेव्हा ती खुर्चीतून उठत असतात. घडायच्या गोष्टीला घडून गेलेली म्हणायचं, की ती लगेच घडणार हे ऐकणाऱ्याला कळतं. दोन्हीकडे युक्ती एकच.

"जातो म्हणू नये, येतो म्हणावं" हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर असतं, आणि 'जातो' म्हटलं की अपशकुन होतो असं शेपूट त्याला जोडलेलं असतं. जातो म्हणून गेलेली किती माणसं जेवायला परत आली याची कुणी मोजदाद ठेवत नाही, म्हणून ते शेपूट टिकतं. 'येतो'चं खरं काम अते लोगुचंच आहे, संबंध चालू आहे एवढं सांगायचं. त्यात यमाचा काही संबंध नाही.

उलट बाजूचा भोळेपणाही आहेच. पोर्तुगीजमधल्या 'सौदाद' या शब्दाचं भाषांतर जगात कुठल्याच भाषेत होत नाही, असले संदेश फिरत असतात. हुरहुर, ओढ, आठवण हे शब्द असलेल्या भाषेच्या माणसानं तरी ते पुढे ढकलू नयेत.

अदेउश आणि च्याव यांच्यात मात्र खरी गंमत आहे. अदेउश म्हणजे 'आ देउश', देवाच्या हवाली. फ्रेंच आदिय, स्पॅनिश आदिओस त्याचीच भावंडं. च्याव हे इटालियन, आणि त्याआधी व्हेनिसच्या बोलीतलं. तिथे त्याचा अर्थ होता 'आपला गुलाम'. आपण अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक' लिहितो आणि कुणाच्या आज्ञेत नसतो, तसंच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटालियन स्थलांतरित लाखोंनी ब्राझीलला गेले, साओ पावलोच्या कॉफीच्या मळ्यांवर राबले, आणि त्यांचा हा गुलाम तिथल्या पोर्तुगीजमध्ये शिरला. पुढे काय झालं? फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआलनं १८९७ मध्येच मांडलं होतं की एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी फार काळ तसेच नांदत नाहीत, ते अर्थ वाटून घेतात. ब्राझीलमध्ये रोजचं काम च्यावनं उचललं आणि 'अदेउस'च्या वाट्याला उरला तो कायमचा निरोप: मरण, काडीमोड, परदेशी जाणारी बोट. तिथे किराणा दुकानातून बाहेर पडताना अदेउस म्हणाल तर दुकानदार दचकून बघेल. लिस्बनच्या बाई मात्र बहिणीला रोज अदेउश म्हणतात, कधी लाडानं 'अदेउझिन्यु'सुद्धा.

गोव्यात पोर्तुगीज १५१० ते १९६१ एवढा काळ होते. मराठीनं त्यांच्याकडून चावी घेतली, बटाटा घेतला, पगार आणि घमेलंही घेतलं. निरोप घेतला नाही. तो कोकणीनं घेतला. मेजवानीच्या शेवटी गोव्यात मांडो नावाचं कोकणी गाणं म्हणतात, त्यात अदेउस असतो, आणि तो ब्राझीलच्या अदेउसइतकाच जड असतो.

तर गीझर. जिन्यात भाचीनं बाईंना सांगितलं की नाही हो, रागावले नव्हते, मला पोर्तुगीज कमी येतं. बाईंचा चेहरा सैल झाला. मग दोघी जरा बोलल्या, हवा, कॉलेज, बसचा पास. बोलणं विरत आलं तशी बाई म्हणाल्या, "प्रोन्तु." तेव्हा भाचीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तिनं नुसती बाईंची री ओढली. ती म्हणाली, "प्रोन्तु, एन्तांव."

"आ, ओल्या," बाई म्हणाल्या, "तो नॉब आत दाबून दहा-पंधरा सेकंद तसाच धरून ठेवायचा, बरं का. लगेच सोडला की ज्योत विझते. त्या दिवशी सांगणारच होते, तर तू फोन ठेवलास."

तीन दिवस ती गार पाण्यानं आंघोळ करत होती.