दूरसंचार परिमंडळ (बेळगाव सीमाभाग)

दूरसंचार परिमंडळ : मोबाइल सेवेच्या परवान्यासाठी भारताचे जे २२ भाग पाडले आहेत, त्यांपैकी प्रत्येक. बोलण्यात सगळे ‘सर्कल’च म्हणतात. कंपनीने लिलावात घेतलेला स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा, आणि सेवेच्या दर्जाचा हिशेब सर्कलपुरता असतो. बेळगाव जिल्हा कर्नाटक सर्कलमध्ये येतो, तर त्याला लागून असलेले कोल्हापूर, सांगली हे जिल्हे आणि गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये. त्यामुळे बेळगाव तालुक्यातले बाची आणि चंदगड तालुक्यातले शिनोळी, निपाणीकडचे कोगनोळी आणि पलीकडचे कागल, कागवाड आणि म्हैसाळ ही गावे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असूनही दूरसंचाराच्या नकाशावर दोन वेगळ्या मुलखांत पडतात.

परवाने आणि स्पेक्ट्रम यांचा कारभार केंद्राच्या दूरसंचार विभागाकडे आहे. दर आणि सेवेचा दर्जा यांवर लक्ष ठेवते भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘ट्राय’. ते १९९७ च्या कायद्याने स्थापन झाले. २००० च्या दुरुस्तीने वादांचा निवाडा त्याच्याकडून काढून वेगळ्या न्यायाधिकरणाकडे दिला. राज्य सरकारांच्या हाती टॉवरच्या जागेची परवानगी, रस्ताखोदाई आणि वीज एवढेच उरते. दर आणि दर्जा या बाबतीत बेंगळुरू काय किंवा मुंबई काय, दोघींचाही शब्द चालत नाही. सीमाभागातल्या माणसाला हे नवल वाटावे, कारण इथल्या बहुतेक प्रश्नांत त्याला या दोन शहरांच्या तोंडाकडेच पाहायची सवय आहे.

सर्कलची रेषा सर्वांत जास्त जाणवली ती रोमिंगच्या काळात. १ मे २००३ पासून देशभर मोबाइलवर येणारे कॉल मोफत झाले, पण ते माणूस आपल्या सर्कलमध्ये असेपर्यंत. चंदगडचा शेतकरी काजू घेऊन बेळगावच्या बाजारात आला किंवा आजारी माणसाला तिथल्या दवाखान्यात घेऊन आला, की त्याच्या फोनवर रोमिंगची खूण दिसे आणि घरून आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. २००७ मध्ये ट्रायने ठरवलेली कमाल मर्यादा रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलला मिनिटाला १.७५ रुपये, स्थानिक जाणाऱ्या कॉलला १.४० रुपये आणि एसटीडीला २.४० रुपये अशी होती. जुलै २०१३ मध्ये ती अनुक्रमे ७५ पैसे, १ रुपया आणि १.५० रुपये झाली. मे २०१५ मध्ये ४५ पैसे, ८० पैसे आणि १.१५ रुपये. मर्यादा म्हणजे छप्पर. त्याखाली कंपनीने कितीही स्वस्त द्यावे. बीएसएनएलने १५ जून २०१५ पासून रोमिंगमध्ये येणारे कॉल मोफत केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली तीच रोमिंग शुल्काशिवाय, आणि २०१७ मध्ये एअरटेलनेही ते शुल्क सोडले. छप्पर ट्रायने उतरवत आणले हे खरे, पण शेवटी ते मोडले स्पर्धेने.

रेडिओलहरींना जकातनाका नसतो. सीमेजवळच्या गावात फोन ज्या टॉवरचा सिग्नल दमदार, तो पकडतो. टॉवर पलीकडच्या सर्कलचा निघाला, तर घरच्या ओट्यावर बसूनही माणूस कागदोपत्री ‘परगावी’ ठरे. जाणती पोरे सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडत. दोन सिमचा फोन इथे मिरवण्यासाठी नव्हे, तर एक सिम कर्नाटकचे आणि एक महाराष्ट्राचे ठेवण्यासाठी घेतला जाई. मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवायची रीत तर सगळीकडेच होती. लेक पलीकडे दिलेल्या घरांत ती जरा जास्त मुरली.

याच काळातली एक बारीक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. बेळगावच्या लँडलाइनवरून सुमारे ५०० किलोमीटरवरच्या बेंगळुरूच्या मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लागत नसे; तासाभराच्या वाटेवरच्या चंदगडच्या मोबाइलला मात्र लागे, कारण तो दुसऱ्या सर्कलचा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला शून्य लावावा लागतो. सगळेच परके झाले, आणि भेद मिटला.

आज कॉलचे दर ट्राय ठरवत नाही. रोमिंगसारखे काही अपवाद सोडले, तर कंपनीने हवा तो दर लावावा आणि योजना बाजारात आणल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत प्राधिकरणाला कळवावे, अशी पद्धत आहे. ट्राय नियमन करते ते दराच्या भोवतालचे. घेतलेल्या योजनेचा दर ग्राहकाच्या तोट्याचा होईल असा सहा महिने बदलता येत नाही. ‘महिन्याचे’ रिचार्ज २८ दिवसांत संपते आणि वर्षाला बारांऐवजी तेरा रिचार्ज होतात, या ओरडीनंतर २०२२ मध्ये कंपन्यांना ३० दिवसांची आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारी योजना ठेवणे भाग पडले. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएससाठी, डेटा नसलेले व्हाउचर द्यायलाही सांगितले गेले. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा यात विचार आहे, आणि खेड्यांत असे फोन अजून पुष्कळ आहेत. एका कंपनीने दुसरीला कॉल पोचवल्याबद्दल द्यायचे शुल्क मात्र ट्रायने स्वतः ठरवले: २००९ मध्ये २० पैसे, २०१५ मध्ये १४, ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. ‘कुठेही मोफत कॉल’ ही जाहिरात बिनतोड झाली ती या शून्यामुळे.

दराचा प्रश्न असा सुटत गेला. रेंजचा सुटला नाही. मुळातच परवान्यांतली अट तोकडी होती. जुन्या टूजी परवान्यांत पहिल्या वर्षी सर्कलमधल्या १० टक्के आणि तीन वर्षांत ५० टक्के जिल्हा मुख्यालयांत सेवा पोचवायची होती. मुख्यालयाऐवजी दुसरे शहर घेतले तरी चाले. बेळगाव शहरात फोन वाजला की कागदावर जिल्ह्याचे काम भागले. कणकुंबी, आमगावचा त्यात उल्लेखही नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात सह्याद्रीच्या दऱ्या आहेत, दाट रान आहे आणि महिनोन् महिने कोसळणारा पाऊस आहे. कमी वारंवारतेच्या लहरी रानातून आणि भिंतींतून बऱ्या जातात, पण डोंगर आडवा आला की त्यांचेही चालत नाही. त्यात भीमगड २०११ मध्ये वन्यजीव अभयारण्य झाल्यापासून गवाळी, पास्तोळी, कोंगळा यांसारख्या मराठी गावांभोवती टॉवरच नव्हे, तर विजेची तार न्यायची तरी वनखात्याची परवानगी लागते. लोकवस्ती तुरळक, म्हणून कंपनीला धंदा नाही. ही तूट भरण्यासाठी कंपन्यांच्या महसुलातून सार्वत्रिक सेवा निधी उभारला जातो; २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. जुलै २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या २४,६८० रेंजविना गावांत फोरजी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि काम बीएसएनएलकडे सोपवले.

रेंज मोजायची कशी, हाही वादाचाच विषय. कॉल तुटण्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत हवे असा दंडक आहे, पण जुन्या पद्धतीत हिशेब सर्कलच्या सरासरीचा होता. सरासरीत बेंगळुरूचे लाखो कॉल आणि जांबोटीच्या घाटातले चार कॉल एकत्र मिसळले की घाट दिसेनासा होतो. २०१७ मध्ये म्हणून सरासरीऐवजी बहुतांश टॉवरांना बहुतांश दिवस निकष पाळायला लावणारी मोजणी आली. ऑगस्ट २०२४ च्या नव्या विनियमांनी कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर रेंजचा नकाशा टाकणे बंधनकारक केले. नकाशावरचा रंग उघड्यावरच्या सिग्नलचा अंदाज असतो. जाड मातीच्या भिंतींच्या घरात, माजघरात तो खरा ठरेलच असे नाही. तरी हाती काहीच नसण्यापेक्षा बरे.

तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे ग्राहकाला १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम ट्रायने २०१५ मध्ये केला होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये तो मनमानी ठरवून रद्द केला. एकट्या ग्राहकाची तक्रार ट्राय सोडवत नाही. ती आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे न्यावी लागते.

२०२४ च्या विनियमांत मात्र एक नवी तरतूद आहे. जिल्ह्यात सेवा चार तासांहून अधिक बंद पडली, तर कंपनीने ट्रायला कळवायचे. २४ तासांहून अधिक बंद राहिली, तर पोस्टपेड ग्राहकाला बिलात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ द्यायची. नैसर्गिक आपत्ती याला अपवाद. सवलत मिळते ती त्या बाधित जिल्ह्यात नोंदलेल्या ग्राहकाला. बेळगावात खोली घेऊन शिकणाऱ्या चंदगडच्या मुलाचे सिम कोल्हापूर जिल्ह्यात नोंदलेले असते. बेळगावात दोन दिवस सेवा गेली, तर त्याचा फोन इतरांसारखाच मुका होतो, आणि मुदतवाढीच्या यादीत त्याचे नाव नसते.