१०१ ते १०३: जपानी लोकलचा साचा कसा ठरला

टोकियोच्या चुओ जलद मार्गावर डिसेंबर १९५७मध्ये नारिंगी रंगाची नवी लोकल धावू लागली. तेव्हा तिचे नाव मोहा ९० होते. १९५९मध्ये क्रमांक बदलले आणि ती १०१ मालिका झाली. जुन्या ७२ मालिकेत मोटारीचा बराच भार थेट आसावर टेकलेला असे, त्यामुळे रुळांना हादरे बसत. १०१मध्ये मोटार बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्याच्या, सांगाड्यावर बसवली. दोन डब्यांची जोडी करून आठ मोटारींना एकच नियंत्रक दिला. २० मीटरच्या डब्याला प्रत्येक बाजूला १.३ मीटर रुंदीचे चार दुपाखी दरवाजे आले. गर्दीच्या वेळी या रुंद दरवाजांचा मोठा उपयोग झाला.

अडचण आली ती विजेची. मूळ आराखड्यात दहाच्या दहा डबे मोटारीचे होते. डब्याला चार याप्रमाणे ४० मोटारी, प्रत्येकी १०० किलोवॅटची, म्हणजे एकूण ४००० किलोवॅट. ओव्हरहेड वायरमध्ये १५०० व्होल्ट डीसी असल्यामुळे एकाच गाडीला पूर्ण क्षमतेवर सुमारे २७०० अँपिअर लागणार. मुंबईच्या लोकललाही पूर्वी हाच दाब होता. इतक्या कमी दाबावर मोठी शक्ती द्यायची तर विद्युतप्रवाह वाढवावाच लागतो. एकामागून एक अशा गाड्या सुटल्या तर वीज पुरवणारी उपकेंद्रे पुरी पडणार नव्हती. म्हणून मध्ये बिनमोटारीचे डबे जोडावे लागले. पण १०१ची मोटार सगळे डबे मोटारीचे असतील असे धरून बेतलेली होती. जादा डबे ओढताना ती तापू लागली आणि ज्या चपळ वेगवाढीसाठी गाडी आखली होती, ती चपळाई गेली.

१०३ मालिका (१९६३) या तडजोडीतूनच निघाली. निम्मे डबे मोटारीचे आणि निम्मे बिनमोटारीचे, हे गृहीत धरून मोटार ११० किलोवॅटची केली, गिअरचे प्रमाण ५.६०वरून ६.०७वर नेले आणि मोटार डब्यांची चाके ८६० मिलिमीटरची ९१० केली. टोकियोच्या यामानोते या वर्तुळाकार मार्गासारख्या, स्थानके जवळजवळ असलेल्या मार्गासाठी हा हिशेब अगदी चोख होता.

घोळ झाला तो पुढे. सुटे भाग आणि देखभाल एकसारखी ठेवण्यासाठी जपानी राष्ट्रीय रेल्वेने १०३ टोकियोकडच्या जोबान जलद आणि ओसाकाकडच्या हानवा मार्गांवरही पाठवली. तिथे स्थानके लांब-लांब. जास्त वेगात मोटारीचे फेरे वाढत आणि तिच्याच आसावरचा पंखा डब्यात बोलणे ऐकू येऊ नये इतका गरजे. दोष यंत्राचा नव्हता, नेमणुकीचा होता. तरीही १९८४पर्यंत ३४४७ डबे तयार झाले.

भुयारात तर रोधांची, म्हणजे विजेला अडवून तिची उष्णता करणाऱ्या भागांची, उष्णताच नडली. १०३ वेग घेताना आणि ब्रेक लावताना जादा वीज डब्याखालच्या रोधांमध्ये जाळत असे. १९७१पासून तिची १००० उपमालिका टोकियोच्या चियोदा भुयारी मार्गावर जाऊ लागली. त्याच रुळांवर भुयारी रेल्वेची ६००० मालिका चॉपरवर, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून मोटारीला हवी तेवढीच देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर, कमी विजेत धावत होती आणि ब्रेकची वीज वायरला परत देत होती. १०३ मात्र तीच वीज बोगद्यात उष्णता म्हणून सोडत होती. १९८२पासून चॉपरची, ॲल्युमिनियमची २०३ मालिका तिची जागा घेऊ लागली.