चेतिन इनान्च

चेतिन इनान्च (जन्म १९४१, अंकारा) हे तुर्कस्तानातील मारधाडपटांचे दिग्दर्शक असून, हातघाईने चित्रपट हातावेगळे करण्याच्या हातोटीमुळे त्यांना ‘जेट दिग्दर्शक’ हे नाव पडले. आतिफ यिल्माझ यांच्यासारख्या मुरब्बी दिग्दर्शकाकडे साहाय्यक म्हणून उमेदवारी केल्यावर १९६७ मध्ये त्यांनी ‘चेलिक बिलेक’ हा पहिला चित्रपट केला, आणि पुढे त्यांच्या नावावर शंभराहून अधिक चित्रपट जमा झाले.

या घाईचे कारण येशिलचामच्या हिशेबात होते. इस्तंबूलमधील या गल्लीचे नाव साऱ्या तुर्की चित्रव्यवसायाला चिकटले होते. १९७० च्या दशकारंभी तेथे वर्षाला तीनशेच्या आसपास चित्रपट निघत, पैसा प्रांतोप्रांतीच्या वितरकांकडून उचल म्हणून येई, आवाज मागाहून भरला जाई आणि पार्श्वसंगीत परदेशी ध्वनिमुद्रिकांवरून सर्रास उचलले जाई. दशकाच्या उत्तरार्धात दूरचित्रवाणीमुळे प्रेक्षक घटल्यावर कामुक चित्रपटांची लाट आली, तीतही इनान्च यांनी हात धुऊन घेतले.

त्यांची ख्याती मात्र १९८२ च्या ‘द्युन्यायि कुर्तारान आदाम’ (जगाला वाचवणारा माणूस) या चित्रपटावर उभी आहे. त्याचे लेखन नायक ज्युनेय्त आर्किन यांचेच होते. अवकाशयुद्धाची दृश्ये थेट ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकी चित्रपटातून घेतली होती: शिरस्त्राण घातलेला आर्किन स्थिर बसलेला, आणि त्याच्या पाठीमागच्या पडद्यावर ती चित्रफीत चाललेली, मागचे दृश्य मध्येच तुटले की नायकाचे यानही क्षणार्धात दिशा बदलते. तुर्कस्तानातील कप्पाडोकियाच्या खडकाळ प्रदेशात घेतलेला भाग मात्र अस्सल इनान्च यांचा आहे. तेथे आर्किन पायांना धोंडे बांधून सराव करतो, खडकांवर हात आपटतो आणि ट्रॅम्पोलिनवरून उसळून केसाळ राक्षसांवर तुटून पडतो. हे सारे हास्यास्पद आहे खरे, पण कंटाळवाणे नाही, आणि केवळ उसनवारीवर बोट ठेवणाऱ्या टीकेतून नेमके तेच निसटते.

पुढे त्यांनी ‘च्योल’ (१९८३), ‘ओल्युम सावाश्चिसि’ (१९८४) असे चित्रपट केले, तर शरीरसौष्ठवपटू सेरदार केबापचिलारला घेऊन मुष्टियुद्धावरील ‘कारा शिमशेक’ (१९८५) काढला. १९८२ चा तो चित्रपट दीर्घकाळ पुसट व्हिडिओ प्रतींवरच हिंडत राहिला. २०१६ मध्ये त्याची ३५ मिमी प्रत हाती लागली आणि तिच्यावरून स्वच्छ डिजिटल आवृत्ती तयार झाली.