मुंबईचा टाउन हॉल आणि महापालिका मुख्यालय

मुंबईत शहराच्या नावाने उभ्या राहिलेल्या दोन इमारती फोर्ट भागात एकमेकींपासून चालत वीसेक मिनिटांच्या अंतरावर आहेत. हॉर्निमन सर्कलसमोरचा टाउन हॉल 1833 मध्ये पूर्ण झाला, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरचे महापालिका मुख्यालय 1893 मध्ये. टाउन हॉल बांधला गेला तेव्हा मुंबईला निवडून आलेली नगरसंस्थाच नव्हती. पालिका आली तेव्हा तिने आपला संसार वेगळ्या जागी थाटला. त्यामुळे नगरसभागृहाच्या नावाची वास्तू एक आणि नगराचा कारभार चालणारी दुसरी, असे मुंबईत घडले.

टाउन हॉलची कल्पना सर जेम्स मॅकिंटॉश यांची. हे मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे तेव्हाच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश. त्यांनी 1804 मध्ये ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन केली आणि तिच्या ग्रंथालयासाठी व शहराच्या सार्वजनिक कार्यक्रमांसाठी एखादी भव्य वास्तू हवी, असा आग्रह धरला. पैसा उभारण्यासाठी लॉटरी काढली गेली, पण ती रक्कम पुरली नाही. मॅकिंटॉश 1811 मध्ये मायदेशी परतले, आणि बांधकामाला 1821 उजाडले. तेही रडतखडत चालले. शेवटी उरलेला खर्च सरकारने उचलला आणि बदल्यात इमारतीत आपल्या कचेऱ्यांसाठी जागा घेतली. मॅकिंटॉश 1832 मध्ये वारले. पूर्ण झालेली इमारत त्यांना पाहायला मिळाली नाही.

आराखडा बॉम्बे इंजिनिअर्सचे कर्नल थॉमस कूपर यांचा. त्यांचाही मृत्यू काम अर्धवट असतानाच झाला आणि इतर अभियंत्यांनी ते तडीस नेले. शैली ग्रीक धर्तीची आहे. दर्शनी बाजूला आठ डोरिक खांब, वर त्रिकोणी शिखरपट आणि रस्त्यापासून खांबांपर्यंत चढत जाणाऱ्या तीस रुंद दगडी पायऱ्या. खांबांचा दगड इंग्लंडहून जहाजाने आणला. ते खांब योजलेल्यापेक्षा फारच जाड निघाले, म्हणून सगळे न वापरता उरलेले भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला दिले गेले, असे सांगितले जाते. आत सागवानी जमीन, नक्षीदार लोखंडी गोल जिना आणि संगमरवरी पुतळे आहेत. पुतळे बहुतेक गव्हर्नरांचे. त्यांच्यात जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे मुंबईकरांचे नाना, बसलेले दिसतात तेव्हा मराठी माणसाचे पाय तिथे हमखास थबकतात. हा मान नानांना उगाच मिळालेला नाही. शाळा, रेल्वे, दवाखाने, ज्या ज्या संस्थांनी हे शहर घडवले त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी त्यांचा हात होता.

इमारतीसमोर तेव्हा ‘बॉम्बे ग्रीन’ हे मोकळे मैदान होते आणि तिथे कापसाच्या गासड्यांचे ढीग पडत. त्या मैदानाचे वर्तुळाकार बागेत रूपांतर 1872 पर्यंत झाले. आधीचे एल्फिन्स्टन सर्कल हे नाव स्वातंत्र्यानंतर बदलून ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव बागेला दिले गेले.

सार्वजनिक सभागृह म्हणून टाउन हॉलची उमेदीची वर्षे एकोणिसाव्या शतकातली. कंपनीचे राज्य संपवणारा राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा 1 नोव्हेंबर 1858 रोजी याच पायऱ्यांवरून वाचला गेला. मुंबई विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती तोवर त्याचे कामकाज इथूनच चाले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे विद्यापीठाचे पहिल्या तुकडीतले पदवीधर त्याच काळातले. मात्र ग्रंथालय सांभाळणाऱ्या संस्थेचे, म्हणजे पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झालेल्या मंडळाचे, दरवाजे भारतीयांना लगेच उघडले नाहीत. माणेकजी कर्सेटजी यांना 1840 मध्ये सदस्यत्व मिळाले, आणि मगच वाट मोकळी झाली. पुढे भाऊ दाजी लाड, भगवानलाल इंद्रजी, पां. वा. काणे अशी विद्वानांची रांग या दालनांत बसून काम करत राहिली. भगवानलालांनी 1882 मध्ये नालासोपाऱ्याच्या स्तूपातून काढलेले अस्थिकरंडक आजही सोसायटीच्या ताब्यात आहेत. इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्याची जुनी हस्तलिखित प्रतही इथेच आहे.

शहराच्या कारभाराची गोष्ट निराळी. सफाई, पाणी, दिवाबत्ती ही कामे आधी सरकारने नेमलेल्या मंडळांकडे होती. 1865 च्या कायद्याने ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणून नेमलेल्या प्रतिष्ठितांकडे अधिकार आले आणि कार्यकारी सत्ता एका आयुक्ताच्या हाती गेली. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड कामाचे धडाडीचे, पण खर्चाला हात आखडता न घेणारे. करदात्यांनी त्यांच्याविरुद्ध आवाज उठवला आणि त्या रेट्यातून 1872 चा कायदा आला. 64 सदस्यांच्या पालिकेत निम्मे सदस्य करदाते निवडून देऊ लागले. मतदान मालमत्ता आणि कर यांच्या अटींनी जखडलेले होते. तरी शहराचा पैसा कुठे जातो हे विचारण्याचा हक्क मुंबईकराला पहिल्यांदा मिळाला, आणि माझ्या मते मुंबईच्या नगरजीवनातली ही सर्वांत मोठी घटना आहे.

शहराच्या या कारभाराला सुरुवातीला धड घर नव्हते. गिरगाव रोडच्या टोकाला एका साध्या इमारतीत कचेरी होती. 1870 मध्ये ती एस्प्लनेडवर, वॉटसन हॉटेल आणि ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट यांच्या मधल्या जागी आली. काळाघोडा भागात आज तिथे आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग उभी आहे.

नव्या वास्तूचा पायाभरणी समारंभ डिसेंबर 1884 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते झाला. स्थानिक स्वराज्याचा 1882 चा ठराव त्यांचाच, त्यामुळे ही निवड अगदी योग्य होती. आराखड्यावरून मात्र घोळ झाला. मद्रासचे वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांचा आराखडा इंडो-सारसेनिक, म्हणजे भारतीय-इस्लामी घडणीच्या शैलीचा होता आणि फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीचा. शेवटी स्टीव्हन्सची सरशी झाली. समोरचे व्हिक्टोरिया टर्मिनस नुकतेच त्यांच्याच हातून उभे राहिले होते. 1889 मध्ये काम सुरू झाले आणि 1893 मध्ये संपले. खर्च सुमारे 11 लाख रुपये आला.

जागा अडचणीची होती. दोन रस्ते जिथे तिरके मिळतात तिथली ही त्रिकोणी जमीन, आणि स्टीव्हन्सनी त्या अडचणीचेच सोने केले. टोकावर मुख्य प्रवेश आणि त्यावर मनोरा घेऊन दोन्ही बाजूंना इमारतीचे पंख मागे नेले. रेल्वे स्थानकातून बाहेर पडणाऱ्याच्या नजरेत त्यामुळे हे टोक आधी भरते. कमानी, खिडक्या, कोरीव पशुपक्षी गॉथिक आहेत. घुमट मात्र विजापूर-दिल्लीची आठवण देतात. म्हणजे चिझम हरले तरी त्यांची बाजू पुरती हरली नाही. मधला घुमट जमिनीपासून 71.5 मीटर उंच आहे. दर्शनी भागावर पंख पसरलेली स्त्रीमूर्ती असून ‘अर्ब्स प्रायमा इन इंडिस’, म्हणजे भारतातले पहिले शहर, हे बिरुद तिच्याशी जोडलेले आहे. प्रवेशासमोर सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा आहे. 1872 च्या कायद्यामागच्या चळवळीत ते होते, 1888 च्या महापालिका कायद्याला आकार देण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि पालिकेचे अध्यक्षपद त्यांनी एकाहून अधिक वेळा भूषवले.

अध्यक्षाला ‘महापौर’ हे पद 1931 मध्ये मिळाले. प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक 1948 मध्ये झाली आणि सभागृहात प्रथमच सगळ्या थरांतले मुंबईकर पोचले. उपनगरे जोडली गेल्यावर कारभार इतका वाढला की मूळ इमारत अपुरी पडली. मागे विस्तारित इमारत बांधावी लागली. सध्या नगरसेवकांच्या जागा 227 आहेत. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर निवडणूक लांबली आणि तीन वर्षांहून अधिक काळ या सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक कारभार पाहत होते. एवढ्या मोठ्या शहराने ते इतक्या शांतपणे चालू दिले, हे खुपणारे आहे.

टाउन हॉलमध्ये आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. सोसायटीकडे एक लाखाहून अधिक ग्रंथ आहेत. बोलण्यात ‘टाउन हॉल’पेक्षा ‘एशियाटिक’ हेच नाव अधिक चालते आणि संध्याकाळी पायऱ्यांवर कॉलेजची मुले बसलेली असतात. पालिका मुख्यालय कामाची कचेरी असल्याने पूर्वी सहज आत जाऊन पाहता येत नसे. 2021 पासून सुट्टीच्या दिवशी मार्गदर्शकासह वारसा सहली सुरू झाल्या आणि सभागृह व मधला जिना सामान्य माणसालाही पाहता येऊ लागला.