रक्तगट जुळत नाही म्हणून पितृत्व चाचणी? नमुना देण्याआधी हे वाचा

इंदूरच्या आमच्या केंद्रात पितृत्व चाचणीची चौकशी करायला येणाऱ्या अनेकांच्या हातात एकच कागद असतो: मुलाच्या रक्तगटाचा रिपोर्ट. शाळेच्या ओळखपत्रासाठी किंवा डेंग्यूच्या तापात तपासणी झालेली असते, गट आईशीही जुळत नाही आणि वडिलांशीही नाही, नात्यातलं कुणीतरी काहीबाही बोलून जातं आणि घराची झोप उडते. म्हणून आधी रक्तगटाबद्दलच सांगतो.

आई एबी आणि वडील ओ असतील, तर मूल साधारणपणे ए किंवा बी गटाचं होतं. म्हणजे अशा घरात मुलाचा गट दोघांहून वेगळा असणं हेच स्वाभाविक आहे. आई ए आणि वडील बी असतील, तर मुलाचा गट चारपैकी कोणताही निघू शकतो. दोघं पॉझिटिव्ह असून मूल निगेटिव्ह निघालं, तरी त्यात वावगं काही नाही. निगेटिव्हचा अंश दोघांमध्येही दडलेला होता आणि दोघांकडूनही तोच मुलाकडे आला, इतकंच.

आई-वडील दोघंही ओ आणि मूल ए किंवा बी, असं असेल तर शंका येणं समजू शकतो. पण तिथेही थांबा. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दुर्मीळ रक्तगट शोधला, जो आज जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो. अशा माणसाचं रक्त साध्या तपासणीत ओ दिसतं, पण त्याच्या अंगात ए किंवा बीचा अंश असू शकतो आणि तो मुलाकडे जातो. शिवाय नवजात बाळाचा गट तपासताना चूकही होते. त्यामुळे आधी रक्तपेढीत तिघांचे गट पुन्हा तपासून घ्या आणि बॉम्बे गटाची शंका तिथे बोलून दाखवा. काही घरांचा प्रश्न तिथेच सुटतो. तुमचा सुटला, तर आमच्याकडे येऊच नका. त्याचा आनंद आम्हालाही आहे.

चाचणी नेमकं काय पाहते

डीएनएमध्ये काही ठिकाणी एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि तो किती वेळा येतो हे माणसागणिक बदलतं. प्रत्येक ठिकाणी आपल्याकडे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. समजा एका ठिकाणी मुलाचे आकडे १५ आणि १७ आहेत आणि आईचे १५ आणि १६. मग १७ वडिलांकडूनच आला पाहिजे. ज्यांची चाचणी होतेय त्यांच्याकडे १७ आहे का, हे पाहायचं. असं साधारण वीस किंवा त्याहून जास्त ठिकाणी तपासतात.

एखाद्याच ठिकाणी आकडा चुकला, तर प्रयोगशाळा लगेच नातं नाकारत नाही. एका पिढीतून दुसरीत जाताना कधीकधी आकडा एकाने कमी-जास्त होतो. मग आणखी ठिकाणं तपासतात. अनेक ठिकाणी मेळ बसला नाही तर नातं नाही, हे निश्चित सांगता येतं. सगळीकडे बसला तर रिपोर्टवर ९९.९९ टक्के किंवा त्याहून जास्त शक्यता लिहिलेली असते. शंभर टक्के लिहीत नाहीत आणि तो आकडा पाहून कुणी धास्तावू नये. ते गणितच शक्यतेचं आहे.

आईचा नमुना सक्तीचा नाही, पण तो असला की निष्कर्ष पक्का होतो. आम्ही तो द्यायचाच आग्रह धरतो.

काही गोष्टी फॉर्म भरण्याआधी सांगाव्या लागतात, कितीही अवघड वाटल्या तरी. वडिलांना जुळा भाऊ आहे का? एकसारख्या जुळ्यांमध्ये ही चाचणी फरक करू शकत नाही. शंका सख्ख्या भावावर आहे का? मग दोघांचेही नमुने लागतात. कुणाचं बोनमॅरो प्रत्यारोपण झालंय का? त्या माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो. मूल दात्याचे शुक्राणू वापरून, आयव्हीएफने झालंय का? तिथे आकडे जुळणारच नाहीत, आणि २०२१ च्या कायद्याप्रमाणे ते मूल त्या जोडप्याचंच आहे. अशा घरात चाचणी करून हाती काय लागणार?

वडील हयात नसतील आणि मूल मुलगा असेल, तर वडिलांकडचे आजोबा किंवा काका यांच्याकडून वडिलांकडच्या पुरुष वंशाचा मेळ पाहता येतो. पण त्यावरून घराणं कळतं, त्यातला नेमका कोण हे कळत नाही.

आम्ही काय करत नाही

कंगव्यातले केस, टूथब्रश, चोरून घेतलेला नमुना आम्ही स्वीकारत नाही. ज्याचा नमुना, त्याची लेखी संमती. अल्पवयीन मुलासाठी पालकाची. पोटातल्या बाळाची पितृत्व चाचणी आम्ही करत नाही. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याने गर्भावरच्या अशा चाचण्या ठरावीक आजारांपुरत्याच मर्यादित ठेवल्या आहेत.

कोर्टाबद्दल

आमचा खासगी रिपोर्ट हाती आला म्हणजे केस जिंकली, असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ प्रमाणे, वैध विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यावर आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना २८० दिवसांच्या आत, जन्मलेलं मूल पतीचंच मानलं जातं. त्या काळात पती-पत्नींचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध केल्याशिवाय. जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्यात हेच कलम ११२ होतं. डीएनए चाचणीचा आदेश सरसकट देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटलं आणि २०२३ मध्ये मुलाच्या खासगीपणाचा विचार करून पुन्हा बजावलं. कोर्टाने आदेश दिलाच, तर नमुने कोर्ट सांगेल त्या पद्धतीने आणि कोर्ट सांगेल त्याच प्रयोगशाळेत जातात. मध्य प्रदेशची राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळा सागरला आहे. म्हणून प्रकरण कुटुंब न्यायालयात असेल, तर आधी वकिलांना भेटा आणि मग आमच्याकडे या.

घरी बोलून या

उत्तर ‘नाही’ आलं तर पुढे काय, हे नमुना देण्याआधी एकमेकांशी बोला. मुलाला कोण सांगणार, कधी सांगणार? आजी-आजोबांना सांगायचं का? सात-आठ वर्षं ज्याला बाबा म्हणून हाक मारली, त्याच्याकडे ते मूल दुसऱ्या दिवशी सकाळी कोणत्या नजरेने पाहणार? मोठ्या मुलाला नमुन्यासाठी गालाच्या आतून काडी फिरवताना ‘सर्दीची तपासणी आहे’ असं खोटं सांगू नका. कधीतरी ते त्याला कळतंच. रागाच्या भरात आलेल्या माणसाचा नमुना आम्ही त्याच दिवशी घेत नाही. दोन दिवसांनी बोलावतो.

नमुना देताना

गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, दुखत नाही. तासभर आधी काही खाऊ-पिऊ नका. पोहे-जिलेबी नमुना दिल्यानंतर. पान, तंबाखू, गुटखा अजिबात नको. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध पाजून तासभर झाला असेल आणि तोंड पाण्याने पुसून घेतलं असेल, तरच आणा, नाहीतर आईच्या पेशी मिसळतात. काडी वाळवून कागदी पाकिटात ठेवतो. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहते आणि नमुना खराब होतो.

येताना तिघांची ओळखपत्रं आणि मुलाचा जन्मदाखला आणा. संमतीपत्र हिंदीत आहे; मराठीत हवं असेल तर आदल्या दिवशी कळवा. रिपोर्ट ज्यांनी सही केली त्यांनाच समोरासमोर मिळेल, व्हॉट्सॲपवर पाठवला जाणार नाही.